कोबोल बोलतत खंय?

श्यामसुंदर गुप्ते यांना आयुष्यात कधी भाषा निवडावी लागली नव्हती. मराठी आयती मिळाली, इंग्रजी शाळेने लादली आणि हिंदी मुलुंडच्या भाजीबाजारात बोलता बोलता बिघडत गेली. पण शहाऐंशी साली त्यांच्या कंपनीत पहिला कॉम्प्युटर आला आणि साहेबांनी फर्मान काढले, की हिशेब खात्यातल्या प्रत्येकाने कॉम्प्युटरची एक भाषा शिकावी. न शिकणाऱ्याची रवानगी मानखुर्दच्या गोदामात.

घाटकोपरच्या क्लासमध्ये शुभा मॅडमनी बेसिक, कोबोल, फोर्ट्रान, पास्कल अशी नावे घडाघडा म्हटली आणि कोणती घेणार म्हणून विचारले. गुप्ते घरी विचारून सांगतो म्हणाले. घरी पत्नी सुनंदाबाईंनी साडीच्या दुकानातला सल्ला दिला: शेजारी काय घेतात ते आधी बघा.

शेजारी म्हणजे काशीराम तावडे, गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे कणकवलीकडचे. सगळी नावे ऐकून त्यांना कोबोल पसंत पडली. नाव कसे तोंड भरून घेता येते, म्हणाले. पण एक शंका होती.

"ही कोबोल बोलतत खंय?"

ते गुप्त्यांनाही ठाऊक नव्हते. पण माणूस हिशेब खात्यातला, 'माहीत नाही' म्हणायची सवय नाही.

"अमेरिकेत," ते म्हणाले.

झाले. संध्याकाळपर्यंत गुप्ते अमेरिकेला निघाल्याचे अख्ख्या बिल्डिंगला कळले. काशीरामांच्या पत्नी मालनकाकूंनी बरणीभर लोणचे आणून दिले, तिकडे मिळत नाहीत म्हणून आमसुलांचा पुडा वेगळा. तळमजल्यावरच्या कमलताईंनी तिकडच्या भाच्यासाठी मेतकूट दिले. त्याचा पत्ता विचारला तर, तिथे कुणालाही विचारा, म्हणाल्या. सोसायटीने रविवारी गच्चीवर सत्कार ठरवला. आज खुलासा करायचाच असे गुप्ते रोज ठरवत, पण रोज कोणीतरी लाडू घेऊन आधीच दारात उभे असे, आणि भरल्या तोंडाने खुलासा होत नाही.

शेवटी बातमी ऑफिसात पोचली. साहेबांनी हात हातात घेऊन अभिनंदन केले.

"तुम्ही जाणारच आहात, तर तुम्हाला शिकवून कंपनीचा काय फायदा? निघेपर्यंत मानखुर्द सांभाळा."

गुप्त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मी कुठेच जात नाही, आजच्या आज क्लासात नाव घालतो, अशा विनवण्या करून त्यांनी तडक घाटकोपर गाठले. समोर येईल ती भाषा घ्यायची, असे ठरवून दार ढकलले, तर कॉम्प्युटरसमोर टोपी मांडीवर ठेवून काशीराम तावडे बसलेले.

"काका, तुम्ही इथे?"

"कोबोल शिकतंय," काशीराम म्हणाले. "तू थंय गेल्यार इकडसून तुझ्याशी बोलतलो कोण? शेजारात एकाक तरी येवक होयी. पण नमस्काराक काय म्हणतत, ताच ही बाई सांगणा नाय."

गुप्त्यांना भरून आले. त्यांनी सगळे कबूल करून टाकले. अमेरिका नाही, विमान नाही, आणि ही माणसांची भाषाच नव्हे, यंत्राला हुकूम द्यायची आहे. काशीरामांनी मांडीवरची टोपी डोक्यावर चढवली. आता हे शिव्या घालणार, या तयारीने गुप्ते उभे होते.

"म्हणजे आपण सांगूचा आणि त्येणी गुमान करूचा? उलट बोलूचा नाय?"

"बिलकूल नाही."

"मगे शिकतंय. घरात असला कोण नाय."

गुप्त्यांनीही कोबोलमध्येच नाव घातले आणि मानखुर्द टळले. मॅडमनी काशीरामांना चार ओळींचा हुकूम दिला. एकेक अक्षर शोधत त्यांनी तो एका बोटाने ठोकला. यंत्र क्षणभर गुरगुरले आणि हिरव्या अक्षरांत पडदाभर चुका काढू लागले. एक ओळ वाचावी तर खालून दुसरी वर येत होती.

"एक पूर्णविराम राहिला, काका," मॅडम म्हणाल्या.

"एका टिंबासाठी एवढा?"

काशीरामांनी खुर्ची जरा मागे घेतली. ओळी संपेपर्यंत मान खाली घालून बसले, आणि सगळे शांत झाल्यावर गुप्त्यांकडे झुकून हळूच म्हणाले,

"लगीन झाल्यापासून हीच ऐकतंय. ही भाषा माका येता."