तीन पुटांचा कार्डिगन

कार्डिगनच्या आतून पदर घ्यायचा की बाहेरून, या एका प्रश्नावर सकपाळांच्या पडवीत पाऊण तास गेला होता. उद्या सकाळची गाडी, परवा पहाटेचं विमान, आणि आम्रपाली अजून आरशासमोर हात पसरून बुजगावण्यासारखी उभी.

"आतून घेतलात तर पोट दिसतंय, बाहेरून घेतलात तर कार्डिगन दिसत नाय," जनी म्हणाली. जनी वाडीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवायची; तोंडात टाचण्या धरूनही तिला स्पष्ट बोलता यायचं. "आणि बाई, सगळी बटणं लावू नका. मधली दोनच. वरचं लावलं की मान आखूड होते, खालचं लावलं की कमरेचा माठ होतो."

"माठ होतोय तर होऊ दे गं. थंडी वाजता कामा नये."

"थंडीसाठी गोधडी हाय. ह्यो फोटोसाठी हाय."

तेही खरंच होतं. श्रुतीला एडिंबराच्या विद्यापीठात डॉक्टरेट मिळत होती. तिकडचा उन्हाळा चौदा अंशांचा. तिने बजावून कळवलं होतं, 'आई, जाड स्वेटर नको, माकडटोपी तर आणूच नकोस. हलका, तुला खुलून दिसेल असा कार्डिगन घे. समारंभ झाला की बाहेर हिरवळीवर आपल्या दोघींचा फोटो काढायचाय. मोठा करून घरी लावू.' आम्रपालीचा नवरा अभय लोट्याच्या रसायनांच्या कंपनीत. वर्षातून एकदा यंत्रं बंद ठेवून दुरुस्ती होते ती नेमकी याच आठवड्यात, म्हणून त्याला रजा नाही. जायची ती एकटी आम्रपाली. सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना 'सरळ उभे राहा' सांगणाऱ्या बाईला, आता त्या एका फोटोत आपण लेकीशेजारी कशा उभ्या दिसू, याची झोप उडवणारी धास्ती लागली होती.

मे महिन्याच्या रत्नागिरीत कार्डिगन मागणं ही काही साधी गोष्ट नव्हे. पहिल्या दुकानदाराने तिच्याकडे बघून विचारलं होतं, "बाई, हिवताप तर नाय ना?" दुसऱ्याने पंखा तिच्याकडे वळवला होता. शेवटी मोबाइलवरून दोन मागवले. एक राखाडी, एक मोतिया. राखाडी घातल्यावर जनी म्हणाली, "शाळा तपासायला आलेला साहेब दिसताय." राखाडी आज सकाळीच परत गेला होता. उरला मोतिया. मऊ, कमरेच्या खालपर्यंत, गळ्याला निमुळता. निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीवर तो असा बसला, की आम्रपालीला स्वतःचाच थोडा आदर वाटला. मंगल कार्याला बौद्धवाडीतल्या बायका नेसतात तीच ही शुभ्र साडी. श्रुतीच्या समारंभाला दुसरी कुठली नेसणार?

तेवढ्यात गंगुकाकी आली. गंगुकाकी म्हणजे दगडी गडग्यापलीकडची शेजारीण, वय पंच्याहत्तर, आणि या दिवसांत तिच्या अंगणात रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, लाल डोंगर. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवायची, उन्हात टाकायची, पुन्हा बुडवायची. असं पुटावर पुट चढलं की आमसूल काळंभोर होतं. काकीची बोटं चैत्रापासून लाल असायची ती थेट आषाढात माणसांत यायची.

"बघू गो बाय. फिर. फिर म्हनतंय ना!" काकीने तिला खांद्याला धरून गिरकी घ्यायला लावली. मग पाठीवर सणसणीत थाप मारली. "झ्याक! मडमीन दिसतंस! लेकीनं नाव काढलान, तू पन काढ!"

आम्रपाली लाजून हसली. जनी मात्र हसली नाही. तिच्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून खाली पडल्या.

"काय झालं?" आम्रपालीने विचारलं.

"काय नाय," जनी म्हणाली. "फकस्त... मागं वळू नका."

ज्या बाईला 'मागं वळू नका' म्हटलं जातं ती दुसरं काय करणार? पाठमोरी होऊन आम्रपालीने आरशात पाहिलं. मोतिया पाठीच्या मधोमध लालभडक पाच बोटं आणि तळवा. अंगठासुद्धा सुटला नव्हता.

"काकी! हात धुतला नव्हतास?"

"धुतलाय गो! सकाळधरनं चार येळा धुतलाय. जाईल तर शपथ."

मग सगळ्याजणी एकदम बोलू लागल्या, आणि कामातल्या बाईच्या हातांना विचारायची सवय नसते म्हणून आम्रपालीने कार्डिगन उतरवून सरळ न्हाणीत नेला आणि त्या हाताच्या ठशाला कपड्याचा साबण खसाखसा चोळला. त्याच वेळी अभयचा फोन आला. जनीने फोन न्हाणीत आणून देता देता त्याला सगळं सांगून टाकलं होतं.

"ऐक," तो दुरुस्तीच्या हातोड्यांच्या आवाजावरून ओरडला, "काहीही कर, साबण लावू नकोस. कोकमाच्या रंगाला साबण लागला ना, की तो..."

"लावला."

पलीकडे त्याने आधी हातोडे थांबवायला लावले.

"मग आता कुठला रंग आहे?"

आम्रपालीने बादलीतून कार्डिगन उचलला. "कुणी बुक्का मारल्यावर तिसऱ्या दिवशी पडतो, तो."

"लिंबू पिळ. आम्लाने परत लाल होईल."

"लाल करून काय करू? लालच तर घालवायचा होता!"

"निदान सुरुवातीला होतो तिथे तरी येऊ," अभय म्हणाला. कंपनीत त्याला शांत डोक्याचा माणूस म्हणून मान होता. घरी त्याच गुणाचा राग यायचा.

लिंबू पिळलं. निळाकाळा हात पुन्हा गुलाबी झाला, पण आता तो पाच बोटांचा राहिला नाही. ओल्या लोकरीतून पसरत पसरत तो डाव्या बाहीपर्यंत गेला. दुपारचे साडेबारा वाजले होते. दुसरा कार्डिगन नव्हता, आणायला वेळ नव्हता, आणि कपाटात होता तो एक तपकिरी स्वेटर, कोपरावर जाळी पडलेला. आम्रपाली न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली. रडली नाही, पण रडण्याची सगळी तयारी चेहऱ्यावर मांडून बसली.

"ती म्हणाली होती, नीट दिसेल असा घे," ती कुणाला तरी म्हणाली. "एवढंच तर मागितलं होतं पोरीनं."

गंगुकाकी एवढा वेळ अपराध्यासारखी माडाला टेकून उभी होती. ती आता पुढे आली आणि तिने एकदम कारागिराच्या आवाजात विचारलं, "एक आमसूल फिकं रायलं आनि एक काळं झालं, तर आमी काय करतंव?"

"काय?"

"परत बुडवतंव. डाग एकटा असला तर डाग. सगळाच डाग झाला तर रंग."

जनीने आम्रपालीकडे पाहिलं. आम्रपालीने घड्याळाकडे. मग कार्डिगन गडग्यावरून पलीकडे गेला.

काकीच्या घमेल्यात रस कसा गडद, जणू संध्याकाळच वितळवून ठेवलेली. तिने कार्डिगन त्यात दाबला, उलटा केला, बाह्या पिळल्या, आणि तिच्या तोंडून जुनी चाल नवे शब्द घेऊन आपोआप बाहेर पडली:

"पयलं माजं पुट गो, दारच्या रातांब्याचं
दर्यापल्याड नाव झालं मास्तरनीच्या लेकीचं..."

मग तो घरामागच्या उघड्या कातळावर वाळत घातला. दुपारच्या त्या काळ्या दगडावर पाय ठेवला तर माणूस नाचेल असा तो तापलेला. आम्रपाली डोक्यावर पदर आणि हातात काठी घेऊन राखणीला बसली, कारण आंब्यावर माकडांची आख्खी टोळी येऊन गप्प बसली होती आणि तिच्याचकडे बघत होती. एकदा एक हुप्प्या चार पावलं पुढे आला. आम्रपालीने वर्गात वापरायचा आवाज काढला, "जागेवर!" तो खरंच जागेवर बसला.

दुसरं पुट अडीचला. तिसरं चारला.

"दुसरं माजं पुट गो, कातळाच्या उन्हाचं
थंडीला सांगा जाऊन, पांघरून हाय मायेचं..."

सूर्य समुद्राकडे कलला तेव्हा कार्डिगन वाळला होता. मिठाने थोडा ताठ. बाही वाकवली की पापडासारखी कुरकुरायची. पण रंग! पिकून फुटायला आलेल्या रातांब्याचा तो रंग आम्रपालीच्या सावळ्या चेहऱ्यावर असा उजळला, की जनीने टाचण्यांची डबी बंद केली.

"पदर बाहेरून," ती हळूच म्हणाली. "आणि बटण एकपन नको. आता तुम्ही दिसताय."

"पाण्यातनं एकदा काढू का?" आम्रपालीने विचारलं.

गंगुकाकीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं तिने माशाला साखर लावणाऱ्याकडे पाहिलं असतं. "आमसूल कोन धूतंय गो?"

म्हणून तो धुतला नाही.

समारंभाच्या सकाळी एडिंबरात पाऊस पडत नव्हता. नुसती भुरभुर होती, जिला तिथे कुणी पाऊस म्हणतच नाही आणि म्हणून छत्रीही उघडत नाही. श्रुती काळा झगा घालून पदवीधरांच्या रांगेत आत गेली होती. आम्रपाली पालकांच्या रांगेत, दगडी पायऱ्यांवर, एकटी. दोन बायकांनी "सुंदर रंग आहे" असं म्हटलं होतं. ती मान ताठ करून उभी होती. थंडी वाजत नव्हती. आपण शोभतोय, असं तिला गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच वाटत होतं.

वीस मिनिटं भुरभुर मुरली, आणि पहिला थेंब उजव्या बाहीतून पायरीवर पडला. लाल. मग दुसरा. मग शुभ्र साडीवर, अगदी काळजाच्या खाली, एक लाल ओघळ सावकाश उतरू लागला.

मागची बाई किंचाळली.

पिवळं जाकीट घातलेली एक धिप्पाड स्वयंसेविका चाकांची खुर्ची घेऊन धावत आली. "तुम्ही बसा. बोलू नका. कुठे लागलंय?"

"नो ब्लड," आम्रपाली म्हणाली. "फ्रूट."

"कुठलं फळ?"

कोकमाला इंग्रजीत काय म्हणतात ते सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "फ्रूट ऑफ माय नेबर," ती जिवाच्या आकांताने म्हणाली.

स्वयंसेविकेने सहकाऱ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. बाई धक्क्याने बरळतेय. दोन मिनिटांत आम्रपाली एका बाजूच्या खोलीत खुर्चीवर होती, आणि तिच्या मनगटाभोवती पांढरी पट्टी गुंडाळली जात होती. पट्टी गुंडाळावी तशी लाल होत होती, आणि ती लाल होई तशी ती बाई वरून आणखी गुंडाळत होती. भिंतीवरच्या ध्वनिवर्धकातून सभागृहातली नावं ऐकू येत होती. आडनावांच्या क्रमाने. एम झाला होता. एन झाला. ओ मध्ये एकच माणूस होता.

"माय डॉटर," आम्रपाली म्हणाली. "एस. सकपाळ. प्लीज."

"डॉक्टर येतायत. तुम्ही हलू नका."

पी सुरू झाला. हजारो मैल ओलांडून, माकडांपासून राखून, पोलिसांना पासपोर्ट दाखवून ती इथवर आली होती; आता मधे फक्त एक दार होतं आणि एक भली बाई. आर आला. आम्रपाली विचार करत बसली नाही. तिने मनगट तोंडाशी नेलं, आणि त्या बाईच्या डोळ्यांत डोळे घालून पट्टीवरचा तो लाल रस चाटला. नीट, सावकाश, पोराला धडा समजावून सांगावा तसा.

"गुड," ती म्हणाली. "साल्टी."

पिवळं जाकीट पांढरं पडलं नाही, पण त्यातली बाई पडली. ती कोसळायच्या आत आम्रपालीने उठून तिला अलगद धरून त्याच चाकांच्या खुर्चीत बसवलं, समारंभाच्या पत्रिकेने वारा घातला, दोन घोट पाणी पाजलं. "ब्रीद," ती वर्गातल्या आवाजात म्हणाली. बाईने आज्ञाधारकपणे श्वास घेतला. मग आम्रपालीने साडीच्या निऱ्या मुठीत धरल्या आणि धावत सुटली.

दार उघडलं तेव्हा व्यासपीठावरचा माणूस 'श्रुती अभय सकपाळ' हे नाव असं उच्चारत होता, जणू तोंडात गरम बटाटा आहे. झगा घातलेली एक ठेंगणी मुलगी चालत पुढे गेली, वाकली, उठली. सगळं सात सेकंदांत संपलं. आम्रपालीने त्यातली सातही पाहिली.

बाहेर हिरवळीवर भुरभुर थांबली होती. छायाचित्रकाराने दोघींना उभं केलं, हनुवट्या वर करायला सांगितल्या. आम्रपालीने पदर बाहेर काढला, बटणं उघडी ठेवली, पट्टीचा हात मागे लपवला, आणि शिकवल्याप्रमाणे किंचित हसली. श्रुती शेजारी आली. तिने आईच्या साडीकडे पाहिलं, बाहीकडे पाहिलं. मग जवळ येऊन हुंगलं.

"आई," तिचा आवाज एकदम लहान झाला. "हा गंगुकाकीच्या अंगणाचा वास आहे."

"हो गं. नंतर सांगते सगळं. आधी तिकडे बघ."

श्रुतीने तिकडे पाहिलं नाही. चार वर्षं घरी न गेलेल्या त्या डॉक्टरबाईने आईला गर्रकन आपल्याकडे फिरवलं, कॅमेऱ्याकडे तिची पाठ झाली, आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसलं ते खुपसलंच.

"अगं, सोड! तो फोटो काढतोय! एवढी खटपट करून..."

"थांब ना जरा."

छायाचित्रकाराला मराठी येत नव्हतं. त्याने कळ दाबली.

तो फोटो रत्नागिरीत पोचला तेव्हा गंगुकाकी आमसुलं बरण्यांत भरत होती. जनीने मोबाइल तिच्या डोळ्यांसमोर धरला. एक काळा झगा, एक लाल पाठ, आणि दोघींपैकी कुणाचाच चेहरा नाही.

"तोंडच नाय दिसत गो काकी कुनाचं," जनी हळहळली. "एवढा पदर नीट ठरवून दिलेला."

काकीने मोबाइल हातात घेऊन डोळ्यांशी नेला. मग नाक ओढत म्हणाली, "शिवनीत रंग पोचला नाय बघ. मीठ कमी पडलं."