पारूबाई नाव घेत नाहीत

पुण्यात मुलींच्या वसतिगृहाच्या गेटवर पारूबाईंना एकच प्रश्न विचारला गेला. उत्तर त्यांना लग्नापासून ठाऊक होतं, पण ते तोंडातून बाहेर पडायला तयार नव्हतं.

"मावशी, पोरीच्या वडलांचं नाव सांगा," वॉचमन भिमा म्हणाला.

"तेवढं सोडून काय बी इचारा."

लेकीचा, प्रगतीचा फोन दोन दिवस लागत नव्हता. पहिला दिवस पारूबाईंनी मनाची समजूत घालण्यात काढला. दुसऱ्या दिवशी त्या भरल्या ताटावरून उठल्या. आज नवरा शेरडं घेऊन माळावर गेला, त्याची पाठ वळली आणि यांनी डोंगर उतरून वेल्ह्याहून थेट पुण्याची एसटी धरली. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो 'येईल की फोन' म्हणाला असता. शहरात एकटी पोर, या विचारानं वाटभर डोक्यात नको नको ते येत होतं.

"आवं, माझी पोर बरी हाय का, तेवढं तरी सांगा," त्या म्हणाल्या.

"पोरगी आत हाय का भाईर, बरी हाय का आजारी, काय बी सांगायचं न्हाई. नियम हाय. मागं एकजण मामा म्हणून आला आन भाचीला नेतो म्हणाला. तिच्या बापाचं नाव इचारलं तर पळत सुटला. तवापासनं ठरलंय, आलेल्यानं सोताच्या तोंडानं नाव सांगायचं, मग आमी वडलांना फोन लावून खात्री करायची."

"कुणी काढलं ह्ये?"

"हितल्याच एका पोरीनं. प्रगती नाव तिचं. वेल्ह्याकडची हाय, लई खमकी."

पारूबाईंना लेकीचा अभिमान वाटला, आणि तिच्या पाठीत एक धपाटा घालावा असंही वाटलं.

"तिलाच भेटायचंय मला. माझीच लेक हाय ती."

"मग तर नियम मोडून चालायचंच न्हाई," भिमा गंभीरपणे म्हणाला. तोही गावाकडचा, सारोळ्याचा. त्याची आईही नवऱ्याचं नाव घेत नसे, त्यामुळे पंचाईत काय आहे हे त्याला पुरतं कळत होतं. "असं करा मावशी, खूण सांगा."

"रविवार सरला की येतो, त्या वाराचा देव."

"शंकर?"

"त्ये थोरलं दीर."

"महादेव?"

"त्ये धाकटं."

"नीळकंठ?"

"त्ये आमचं जावई."

भिमानं टोपी काढून डोकं खाजवलं. एवढ्यात कॉलेजातून आलेली माधुरी गेटपाशी थांबली. ती प्रगतीच्या खोलीतली. सगळं ऐकून तिला हसू आवरेना.

"काका, नाव मी सांगते. मावशी नुसती मान हलवतील."

"मान कुणी बी हालवील," भिमा म्हणाला.

"पोरी, माझी प्रगती..." पारूबाईंनी तिचा हात धरला.

"मावशी, अनोळखी माणसाला मैत्रिणीची काही माहिती द्यायची नाही, असं तिनंच आम्हाला शिकवलंय," माधुरी ओशाळून म्हणाली. मग तिचे डोळे चमकले. "पण उखाण्यात तर नाव घेतात की."

उखाणा पारूबाईंनी लग्नात घेतला होता, तोही पदरात तोंड खुपसून. वाजंत्र्यांच्या दणक्यात शेजारी बसलेल्या नवऱ्यालाही तो ऐकू गेला नव्हता. त्यानंतर तो विषय संपला होता. पण आता प्रश्न पोरीचा होता. त्यांनी पदर सावरला, भिमाकडे पाठ केली, गेटच्या खांबाकडे तोंड केलं. वेळ वाचवावा म्हणून भिमानं तोवर वहीतून प्रगतीच्या वडलांचा नंबर लावला आणि मोबाईलचा स्पीकर चालू केला. माळावर रेंज कधी नव्हे ती लगेच मिळाली.

"तोरण्याच्या उतरणीला करवंदांची जाळी," पारूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सोमेश्वररावांचं नाव घेते, गेट उघडा या वेळी."

माधुरीनं टाळ्या वाजवल्या. भिमानं कडीला हात घातला.

"कोन हाय त्ये?" मोबाईलमधून आवाज आला.

"वसतिगृहातनं बोलतोय. तुमच्या मंडळी आल्यात. आत्ता नाव घेतलं तुमचं."

"मग ती माझी मंडळी न्हवं," सोमेश्वर ठामपणे म्हणाले. "माझी बायको हाय घरी. आन ती मेली तरी माझं नाव घ्यायची न्हाई. साहेब, पोरीनं मला बजावून सांगितलंय, आजकाल हुबेहूब आवाज काढून फशिवत्यात. त्या बाईला आत सोडू नका. धरून ठेवा."

भिमाचा कडीवरचा हात खाली आला.

पारूबाईंनी त्याच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. "धरून ठेवा व्हय? सकाळी भाकरी बांधून दिली ती कुणी, फशिवणाऱ्या बाईनं? आन शेरडांच्या वाडग्याचं दार उघडं टाकून गेला, करडं माझ्या भाजीत शिरली, ती कुणी हाकलली? पोरीचा फोन लागंना, तुमी खुशाल झाडाखाली पडलाय, आन चोर मी?"

पलीकडे नुसत्या शेळ्या ओरडत होत्या.

"आई, तू इथं कशी?" मागून आवाज आला. परीक्षेचा पेपर देऊन आलेली प्रगती धडधाकट उभी होती. "फोन बिघडलाय गं, दुकानात टाकलाय."

"मग हिच्या फोनवरनं करायचा," पारूबाईंनी माधुरीकडे बोट दाखवलं.

प्रगतीनं मान खाली घातली. "तुमचा नंबर पाठ नाही."

साऱ्या वसतिगृहाला सुरक्षेचे धडे देणाऱ्या पोरीकडे माधुरी बघतच राहिली. भिमा मात्र दुसरीकडे बघू लागला, कारण घरचा नंबर त्यालाही पाठ नव्हता. पारूबाईंनी मघापासून राखून ठेवलेला धपाटा लेकीच्या पाठीत घातला आणि मग तिला घट्ट पोटाशी धरलं.

"साहेब," मोबाईलमधून दबका आवाज आला, "सोडा त्यांना आत. आमचीच हाय."

"खात्री झाली?"

"व्हय, बोलण्यावरनं झाली." सोमेश्वर घुटमळले. "पर त्ये मगाचं नाव परत एकदा घ्यायला लावा की. नियमच हाय म्हणून सांगा."