बुडी-सहल समितीचा कारभार

प्रवास करावा की करू नये, याबद्दल विचारवंतांत मतभेद आहेत. प्रवासाचं नियोजन करावं, याबद्दल मात्र आजवर कुणी शंका घेतलेली नाही. प्रवासात माणूस दमतो, त्याचं पोट बिघडतं, सोबतच्या माणसांचा खरा स्वभाव त्याला कळतो. नियोजनात यातलं काहीही होत नाही. (आमच्या घरी केलेल्या पाहणीनुसार समुद्रात उतरणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोक भिजतात. नियोजन करणाऱ्यांत हे प्रमाण शून्य आहे. काकांनी एकदा नकाशावर चहा सांडला, तो अपवाद.)

आमच्या कुटुंबाने कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर बुडी मारायला जाण्याचं नियोजन वर्षानुवर्षं निष्ठेने चालवलं. बुडीसुद्धा साधीसुधी नव्हे, किनाऱ्यावरून मारायची. इतर ठिकाणी बोटीत बसून खोल पाण्यावर जावं लागतं. या बेटावर तसं नाही. भाड्याची गाडी घ्यायची, समुद्राकडेच्या रस्त्याने निघायचं, रस्त्यालगत नाव रंगवलेला दगड दिसला की थांबायचं, पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि चालत समुद्रात शिरायचं. प्रवाळ किनाऱ्याला लागूनच सुरू होतं. कुणाची वाट पाहायला नको, कुणाची आरडाओरड ऐकायला नको.

माझ्या बाबांना हे फार पटलं. ते लिफ्ट तपासणारे सरकारी निरीक्षक होते. वर गेलेली माणसं सुखरूप खाली येतील, हे त्यांनी नोकरीभर पाहिलं. निवृत्तीनंतर खाली गेलेली माणसं सुखरूप वर येतील हे पाहावं, असं त्यांना वाटणं ओघानेच आलं. बोट त्यांना नको होती, कारण बोट दुसऱ्याची असते आणि दुसऱ्याच्या दोरांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांना पोहता येत नव्हतं. पण पोहणं हा पृष्ठभागाचा विषय आहे आणि आपल्याला जायचंय तळाशी, असं त्यांचं म्हणणं होतं. (त्यांनी मला मात्र पोहायला आणि पुढे रीतसर डायव्हिंगही शिकायला पाठवलं. प्रायोगिक तत्त्वावर.)

समितीची रचना सुटसुटीत होती. अध्यक्ष बाबा. चिटणीस मी. हरकती घेण्यासाठी काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत दोष दिसतो तो धंद्याचाच भाग. आई सभासद होती. तिचं कपडे दुरुस्त करून द्यायचं दुकान, म्हणून तिच्याकडे 'इतर सर्व' हे खातं दिलं होतं. रविवारी जेवणं झाली, टेबल पुसलं गेलं, की बैठक भरायची. आई दर बैठकीत एकच प्रश्न विचारायची, "मग जायचं कधी?" आणि विषयाला सोडून असल्यामुळे तो दर वेळी बाजूला ठेवला जायचा.

बाहेरच्यांना वाटेल, त्यात एवढं ठरवायचं काय! अशांसाठी एकच उदाहरण पुरे, ते म्हणजे गाडीची किल्ली. सगळे पाण्याखाली गेल्यावर गाडीची किल्ली कुठे ठेवायची? गाडीत ठेवता येत नाही. खिशात ठेवली तर आजकालच्या किल्ल्या खाऱ्या पाण्याने मरतात. दगडाखाली लपवावी, तर चोरही दगडच आधी उचलून बघतात. त्या बेटावर म्हणे गाडीत काहीही ठेवत नाहीत आणि काचा उघड्याच टाकतात, म्हणजे निदान काच तरी फुटत नाही. बाबांना या पद्धतीचं अपार कौतुक होतं. "याला म्हणतात सुरक्षा," ते म्हणायचे. काकांनी विचारलं, "मग गाडीच नेली तर?" या एका हरकतीवर एक अख्खा उन्हाळा गेला. किल्ली उपसमिती शेवटपर्यंत निर्णयाला आली नाही, आणि तिचं कामकाज सगळ्यात चांगलं चाललं, असं आजही माझं मत आहे.

प्रात्यक्षिकंही व्हायची. पायांत फिन्स, म्हणजे पोहण्याचे लांब रबरी पंजे, घातले की पुढे चालता येत नाही, माणूस तोंडावर पडतो. म्हणून समुद्रात उलटं चालत शिरतात. हे आम्ही घराबाहेरच्या लांब व्हरांड्यात करायचो. बाबा पुढे, म्हणजे खरं तर मागे, आणि त्यांचा हात धरून आई. फट्‍ फट्‍ फट्‍ आवाज व्हायचा. खालच्या मजल्यावरच्या बाई एकदा वर आल्या.

"काय चाललंय काय?"

"काही नाही, समुद्र आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही जरा कडेने जा."

गेल्या थंडीत एका सकाळी, दाढी अर्धी झालेली असताना, अध्यक्ष गेले. समितीला त्यांनी कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती. इतक्या शिस्तीच्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं.

त्यानंतर घरातली कामं भराभर उरकत गेली. या बाबतीत जग विलक्षण कार्यक्षम आहे. त्यांचा फोन बंद करून मिळाला. उरलेली औषधं औषधवाल्याने परत घेतली. कोट काकांना बसला. बँकेतल्या बाईंनी तर माझं वाक्य पूर्णही होऊ दिलं नाही, "हो हो, कळलं," म्हणाल्या आणि शिक्का मारला. त्यांचं म्हणून होण्यासारखं जे जे होतं, ते होऊन गेलं. फक्त एक सहल तेवढी व्हायची राहिली होती.

हे लक्षात आल्यावर मी चिटणीस या नात्याने काम जोरात वाढवलं. वाऱ्याची उपसमिती नेमली. जेलीफिशची नेमली. आईच्या त्या जुन्या प्रश्नावर आता मी उत्तर द्यायचे, "घाई काय आहे? नीट ठरवून जाऊ." ही तयारी नसून टाळाटाळ आहे, असं कुणी म्हणेल. तयारी आणि टाळाटाळ यांत फरक करणारं कोणतंही उपकरण अजून निघालेलं नाही.

माझ्या हातात सगळ्यात भक्कम मुद्दा होता तो जोडीदाराचा. पाण्याखाली कुणी एकटं उतरत नाही, असा डायव्हिंगचा पहिला नियम आहे. तुमच्या टाकीतली हवा जोडीदार बघतो, त्याची तुम्ही. आईचे जोडीदार बाबा होते. आता ते पद रिक्त होतं आणि रिक्त पद भरल्याशिवाय सहल काढणं नियमबाह्य होतं. त्यासाठी मी पात्रता ठरवली: उमेदवार प्रशिक्षित असावा, कुटुंबातला असावा, आईला त्याचा कंटाळा येऊ नये. असा उमेदवार आमच्या घरात एकच होता, आणि छाननीचं कामही त्याच्याकडेच असल्यामुळे त्याने अर्ज केला नाही.

यावर आई दुपारची दुकान लवकर बंद करायला लागली, एवढंच. गिऱ्हाईक कमी असेल, असं मी समजले. ती सार्वजनिक तलावावर पोहायला जाते आहे, हे मला एका रविवारी भर बैठकीत समजलं. पोहणं शिकून झालं, मग तिथेच डायव्हिंगचा वर्ग झाला, परीक्षा झाली. "शिकवणारी पोरगी चांगली आहे," आई म्हणाली. "खालून वर येताना सावकाश ये, म्हणते. म्हटलं, बाई, मी लिफ्टवाल्याची बायको, मला सांगतेस?"

"वहिनी, अहो, या वयात?" काका म्हणाले.

"भावोजी, मासे वय विचारत नाहीत."

"आणि शार्क?"

"शार्कला माझ्यात काय मिळणार, हाडं? मऊ खायचं असेल तर तुम्ही आहात की."

काकांनी पोट आत घेतलं. मी म्हटलं, "आई, प्रश्न पोहण्याचा नाही. साधनसामग्रीचा आहे. तुझ्याकडे वेटसूट कुठे आहे?"

"थांब," म्हणाली आणि आत गेली.

आई बाहेर आली ती वेटसूट घालून. पाण्यात ऊब राहावी म्हणून घालायचा तो जाड, घट्ट रबरी पोशाख बाबांचा होता. त्यांनी तो जुन्या सामानाच्या दुकानातून आणला होता आणि एकदाच घातला होता. अंगात घालायला त्यांना एकट्याला जमलं, काढायला काका आणि मी असे दोघे लागलो होतो. समितीची मालमत्ता कोणत्याही ठरावाशिवाय कापण्यात आली होती.

"हा बाबांचा आहे," मी म्हटलं.

"होता. कंबरेत आत घेतला, बाह्या आखूड केल्या. त्यांचं पोट काय मला वारसाहक्काने मिळणार आहे?"

मला हा सूट नापास करायचा होता. ते उघड करण्यात मला कमीपणा वाटत नाही. तपासणीचा उद्देश आधी ठरलेला असला की तपासणी सोपी जाते. मी आईला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि शिवणीपासून सुरुवात केली. जोड आतून चिकटवलेले होते. त्यावर टाका घातला होता, तोही अर्ध्याच जाडीत, म्हणजे सुईचं भोक आरपार जात नाही आणि पाणी शिरत नाही. मी गळा ओढून पाहिला. पाठीवरची चेन तीनदा वर-खाली केली. गुडघे वाकवून घेतले. डाव्या काखेत एक ठिगळ होतं, वाकडं. ते बाबांनी स्वतः लावलेलं होतं.

"हे का नाही सुधारलंस?"

"राहू दे ते."

मी ठिगळही ओढून पाहिलं. निघालं नाही. काखेखालून बाहेर येऊन मी सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "ठीक आहे."

आईने काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा काढला. माझ्या हातून काय झालं ते मला तेव्हा कळलं.

बाबांच्या खात्यात एक रिवाज होता. नवी लिफ्ट तपासून जो ती ठीक आहे म्हणून सही करतो, त्याने सगळ्यांच्या आधी त्या लिफ्टमध्ये बसायचं. बाबा तापातही बसलेले आहेत. 'सही करून जिन्याने उतरणारा' ही त्यांची सगळ्यात मोठी शिवी होती. ती त्यांनी डॉक्टरांना, मंत्र्यांना आणि एकदा माझ्या होऊ घातलेल्या नवऱ्याला दिली होती. (तिन्ही ठिकाणी ती लागू पडली.)

"ठीक आहे म्हणालीस ना?" आई म्हणाली. "मग आता जिन्याने उतरू नकोस."

"पण किल्ली!" मी म्हटलं. "किल्लीचं अजून काहीच ठरलेलं नाही."

"मी धरतो की किल्ली," काका म्हणाले. "बसतो किनाऱ्यावर. सावली असली म्हणजे झालं."

एका वाक्यात! अख्ख्या उपसमितीची हयात त्यांनी एका वाक्यात संपवली. मला त्यांचा इतका संताप आला की तारखेवर हरकत घ्यायची राहून गेली. आईने तारीख सांगितली, कुणी अनुमोदन दिलं नाही, आणि ती सूटमध्येच चहाचे कप विसळायला गेली.

आम्ही जाऊन आलो. अहवाल थोडक्यात असा: पाणी खारट आहे. मासे नियोजनापेक्षा पुष्कळच जास्त निघाले, आणि त्यांतल्या बहुतेकांना आमच्या येण्याची कल्पना दिलेली नव्हती. शार्क भेटला नाही. काकांना ऊन लागलं. तळाशी आईने माझ्या टाकीचा काटा पाहिला, मी तिचा पाहिला, आणि मग एक मोठं कासव आमच्याकडे ढुंकूनही न बघता गेलं तेव्हा तिने माझा दंड इतका दाबला की वळ उठला. तिने त्या कासवाकडे बोट दाखवलं, आणि मग दुसऱ्या बाजूला वळून, जिथे कुणी नव्हतं तिथे, पुन्हा तसंच बोट दाखवलं. माझ्या मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं. काकांनी नंतर तो काळजीपूर्वक तपासला. त्यांना कुठेही गळती सापडली नाही.

आता बाबांचं काहीही व्हायचं राहिलेलं नाही. समिती बरखास्त केली आहे. रविवारी टेबल पुसून झालं की आम्ही तिघं थोडा वेळ बसून राहतो आणि मग उठतो.

एवढा अनुभव फुकट जाऊ नये, म्हणून हे सगळं वाचकांच्या सेवेला सादर केलं आहे. तुमच्याही घरात एखादं बेट असणारच. बेट नसेल तर डोंगर असेल, एखादं देऊळ असेल, आत्याचं गाव असेल. त्या सहलीचे अध्यक्षही असतील, बहुधा आतल्या खोलीत, पेपर तोंडावर घेऊन पडलेले. तर कृपा करून लगेच उठून त्यांना 'जायचं कधी?' असं विचारायला जाऊ नका. घाईने चांगली नियोजनं बिघडतात. विषय मोठा आहे, एखाद्या रविवारी निवांत बसून बोलू, असं मनाशी ठरवा. तुम्ही तसंच ठरवाल, याची मला पूर्ण खात्री आहे. इथपर्यंत वाचलंत, आणि अजून जागचे हलला नाहीत.