साहेबरावांचं फाटक

साहेबरावांनी ठरवलं ते तसं काही मोठं नव्हतं. कंपाउंडला लोखंडी गेट होतं. ते बंद ठेवायचं आणि आत कुणाला घ्यायचं ते आपण बघायचं, एवढंच. पण या माणसाची सगळी नोकरी दौंडजवळ रेल्वेच्या फाटकावर गेली होती. बंद फाटक कलेक्टरच्या गाडीसाठीसुद्धा उघडायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

करोनाची दुसरी लाट आली तशी गेटजवळ बादली आली, साबण आला. बाहेरून येणाऱ्यानं हातपाय धुवायचे. कुणाशी संबंध आलेला असला तर शेळ्यांच्या रिकाम्या शेडमध्ये दोन आठवडे राहायचं, नाहीतर आल्या वाटेनं जायचं. सणसवाडीहून बायकोचा, चांगुणाबाईंचा सख्खा भाऊ शेवग्याच्या शेंगा घेऊन आला, तर त्यालाही साहेबरावांनी नियम सांगितला. त्यानं शेंगा भिंतीवरून आत टाकल्या आणि मोटरसायकल वळवली. चांगुणाबाई काही बोलल्या नाहीत. (बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.)

हे सगळं चाललं होतं ते त्यांच्या लेकीच्या, सुवर्णाच्या मुलीसाठी. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण लॉकडाउनमध्ये ते पुण्यात सासरीच झालं. पोरगी चार महिन्यांची झाली तरी आजोबांनी तिला फक्त मोबाइलवर पाहिलं होतं. आता मायलेकी येणार होत्या. नाव ठेवायचं होतं. बुद्धमूर्तीपुढचं पांढरं कापड चांगुणाबाईंनी धुऊन, इस्त्री करून ठेवलं होतं. जावयानं तपासण्या करून घेतल्या होत्या, दोघीही निगेटिव्ह.

त्या दिवशी लांबून रिक्षाचा आवाज आला. साहेबरावांना राहवेना. फाटकावरचा माणूस गाडी बघायला पुढं येतो तसे ते गेट उघडून रस्त्यावर आले. रिक्षा दुसरीच निघाली. पण समोरून शेजारचे हौसराव आले, मास्क हनुवटीवर, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांचा नातू आयुष दहावी पास झाला होता. (परीक्षाच झाली नव्हती, त्यामुळे सगळेच झाले होते.)

"जयभीम आप्पा, तोंड गोड करा," म्हणत हौसरावांनी साहेबरावांचा मास्क खाली ओढला आणि आपल्या हातानं पेढा तोंडात घातला. मागोमाग स्वतःचंही तोंड भरलं आणि खोकायला लागले. खोकले ते असे, की पार साहेबरावांच्या खांद्याचा आधार घेऊन खोकले.

ओट्यावरून चांगुणाबाई बघत होत्या. साहेबराव आत यायला वळले, तर त्या गेटाशी उभ्या.

"शेडकडं जावा."

"अगं, पेढा हाय नुसता."

"माझा भाऊ तर खोकलाबी न्हवता."

यावर साहेबरावांकडं नियम नव्हता. ते भिंतीकडेनं शेडमध्ये गेले. थोड्या वेळानं खरी रिक्षा आली. लेक उतरली, दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलेलं, आणि साहेबराव शेडच्या जाळीला नाक लावून उभे. सुवर्णा जाळीकडं निघाली, तसं आतून साहेबरावच ओरडले, "लांबूनच, बाय."

पहिले काही दिवस गमतीचे नव्हते. त्या उन्हाळ्यात आळीतली दोन म्हातारी माणसं दवाखान्यात गेली होती, ती परत आली नव्हती. आपलं काही होईल याची साहेबरावांना फारशी भीती नव्हती. आपण एका पेढ्यापायी त्या एवढ्याशा जिवाला काही दिलं तर, या विचारानं मात्र ते ताट अर्ध्यावरच बाजूला सारायचे. चांगुणाबाई ताट ठेवायच्या आणि तिथंच घुटमळायच्या. भावावरून आलेला राग कधीच गेला होता.

सुवर्णा रोज सकाळी बाळाला अंगणात आणायची. साहेबराव मास्क घट्ट बांधून जाळीशी यायचे आणि नोकरीतला हिरवा झेंडा हलवायचे. पोरगी पाय झाडून हसायची.

मग आळीतली आशा सेविका हर्षदा साहेबरावांना तपासायला घेऊन गेली. हौसरावांचीही तपासणी झाली. दोघांचे रिपोर्ट घेऊन ती गेटाशी आली, साबणानं हात धुतले (नियम तिलाही होता) आणि म्हणाली, "दोघंबी निगेटिव्ह. हौसराव मामांनी दोन पेढे एकदम कोंबले होते, त्याचा ठसका व्हता तो."

चांगुणाबाई पदरानं डोळे पुसत हसायला लागल्या. रिपोर्ट आला तरी नियम तो नियम; दोन आठवडे भरल्यावरच साहेबरावांनी अंघोळ केली, नवा सदरा घातला आणि मांडी घालून बसले. सुवर्णानं बाळ मांडीवर दिलं. पोरगी ओळखीचं हसली. आजोबा नीट दिसावेत म्हणून साहेबरावांनी हळूच मास्क काढला.

पोरीनं त्या मिशा पाहिल्या आणि असा टाहो फोडला, की हौसराव त्यांच्या घरातून धावत आले.

चांगुणाबाईंनी मास्क उचलून नवऱ्याच्या कानांना अडकवला. पोरगी गप्प झाली आणि पाय झाडून हसू लागली.

"आता बसा असंच," त्या म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत दौंडमधल्या निम्म्या लोकांचे मास्क गेले होते. साहेबराव मात्र पाळण्याशेजारी मास्क लावून बसलेले असत. येणारेजाणारे कौतुकानं म्हणत, आप्पांसारखी काळजी कोण घेत नाही. मास्कच्या आतून साहेबराव नुसतं "हं" म्हणत.