शिमशोनजी नाटककार आणि रिकाम्या खुर्चीचे वर्तमान

श्री. ज्याने म्हणताच उजेड झाला त्या एका देवास नमन करून, शके अठराशे नव्वद, कीलकनाम संवत्सर, यहुदी गणनेप्रमाणे सृष्टीस पाच हजार सातशे एकोणतिसावे वर्ष चालू असता, समुद्रकाठच्या एका राज्यात जे अद्भुत वर्तले, ते ज्यांनी पाहिले त्यांस पुसून, जेथे दोन तोंडे एकच बोलली तेवढेच धरून येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही.

त्या राज्यात बेने इस्राएलांची वस्ती जुनी. पूर्वज गलबत फुटून किनाऱ्यास लागले, तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणोन लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. त्या कुळात शिमशोनजी झिराडकर उपजले. त्यांनी घाणा सोडून लेखणी धरली आणि पहिले नाटक लिहिले, ते पडद्यासह पडले. मग दुसरे लिहिले, ते गावोगाव चालले. मग तिसरे मिठागरातल्या मजुरांवर लिहिले, ते दरबाराने बंद केले आणि शिमशोनजींची कीर्ती दुप्पट झाली. परंतु ज्या मजुरांवर लिहिले त्यांतलाच एक, चांगो म्हात्रे, मिठागरावर प्यायला गोडे पाणी द्या इतके मागता झाला आणि दरबाराने त्यास उचलून नेले. चौकशी नाही, न्यायाधीश नाही. वर राज्याचे कारभारी आनंदराव यांनी सहीनिशी हुकूम काढला की, या माणसाचे नाव कोणत्याही रंगमंचावर कोणीही उच्चारू नये. उच्चारील त्यास फौजदाराने तेथल्या तेथे धरावे.

दोन पावसाळे गेले. मग चांगोची बायको नागीबाई तालमीच्या जागी आली आणि उंबऱ्यातच उभी राहून शिमशोनजींस म्हणाली, "दादा, तुमच्या नाटकान राजं येतान नि जातान. माज्या घोवाचं नाव कवा येल?" शिमशोनजी म्हणाले, "बाई, नाव घेतलं तर नाटकही जाईल आणि मीही जाईन." ती म्हणाली, "मंग कोन जानार? आमीच?" आणि निघून गेली. शिमशोनजींस अन्न गोड लागेना. लिहावे आणि फाडावे, ऐसे चालले.

इतक्यात त्यांच्या पुतण्यास मुलगा झाला आणि आठव्या दिवशी सुंतेचा विधी निघाला. त्या दिवशी एक खुर्ची पांढरे वस्त्र घालून रिकामी ठेवावी, ती एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्यांची, ऐसी त्या लोकांची रीत. शेजारचे वामनराव दमून आले आणि नेमके तिच्यात टेकू लागले. तो शिमशोनजींच्या मातोश्री सिप्पोराबाई कडाडल्या, "अहो वामनराव, उठा. ती हन्नाबींची आहे. ते यायचे आहेत." वामनराव हसून म्हणाले, "आजी, गेल्या सुंतेलाही यायचे होते. कधी आलेले पाहिलेत का?" सिप्पोराबाई म्हणाल्या, "आले असते तर ठेवली कशाला असती?" हे ऐकून शिमशोनजी ताटावरून तसेच उठले. मातोश्री म्हणाल्या, "आता याला काय चावलं?" पण ते कागदास जाऊन भिडले होते.

नाटक ऐसे झाले: एका घरात लग्न आहे, मधोमध पांढऱ्या वस्त्राची खुर्ची आहे, घरचा एक माणूस नाही, आणि जो तो येऊन खुर्चीशी बोलतो, तिला चहा देतो, तिची खुशाली पुसतो. नाव कोठेच नाही. दरबारच्या तपासनिसांनी वही उलटसुलट वाचली आणि विचारले, "या खुर्चीत कोण आहे?" शिमशोनजी म्हणाले, "कोणी नाही." तपासनीस म्हणाले, "मग कोणाची हरकत असणार?" आणि शिक्का दिला. मग काय पुसता! पहिल्याच खेळास लोक मुके झाले, दुसऱ्या खेळास रडले, आणि पुढे नाभिकाच्या दुकानात, खानावळीत, लग्नाच्या मांडवात पांढऱ्या खुर्च्या दिसू लागल्या. कोणी काही बोलेना आणि सर्वांस सर्व कळे.

नाटकाने लोक चाळवले इतकीच वार्ता आनंदरावांच्या कानी गेली, खुर्चीचे त्यांस कोणी सांगितले नाही. त्यांनी मनी धरिले की, जातीने खेळास जावे, काय आहे ते पाहावे आणि मग मोडावे. त्या राज्यात रिवाज ऐसा की, कोणताही समारंभ असो, मंचावर पांढऱ्या वस्त्राची हाताची खुर्ची मांडलेली असे आणि ती प्रमुख पाहुण्यांची असे. आनंदराव आयुष्यभर तशाच खुर्चीत बसत आले. शनिवारचा दिवस, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा सुटून आकाशात तीन तारे दिसले तेव्हा पडदा उघडला, आणि आनंदराव उशिराने आले, ते मंचावर आपली खुर्ची मांडलेली पाहून प्रसन्न झाले, पायऱ्या चढले आणि बसले.

शिमशोनजी पडद्याआड उभे. उठा म्हणावे तर नाटक बंद. न म्हणावे तर ज्याने माणूस नेला तोच त्या माणसाच्या जागी. पहिल्या रांगेत नागीबाई बसली होती, तिच्याकडे त्यांनी पाहिले, आणि तिने होकाराची मान हलवली. मग मुख्य नटी दीनाबाई चहा घेऊन निघाली होती तिला ते म्हणाले, "जसंच्या तसं चालू दे. एक शब्द गाळू नको."

दीनाबाईने कप पुढे केला आणि म्हणाली, "आलात? किती वाट पाहायला लावलीत." आनंदराव म्हणाले, "राज्याची कामं." ती म्हणाली, "तिथं प्यायचं पाणी गोडं होतं का हो?" आनंदराव म्हणाले, "कुठं?" ती म्हणाली, "न्यायाधीशापुढं उभं केलं का? का नुसतंच डांबलं?" मागून कोणी म्हणाले, "सांगा की, पाहुणे." हशा उसळला. आनंदराव ताडकन उठून गरजले, "बाई, मला कोण समजलीस? मी चांगो म्हात्रे नव्हे!"

नाव घुमले. ज्या भिंतींनी दोन पावसाळे ते ऐकले नव्हते त्यांनी ते ऐकले. नागीबाईने पदर तोंडास लावला. दाराशी फौजदार किहीमकर उभे होते, मोठे नियमाचे गृहस्थ. ते पायऱ्या चढून आले आणि हुकुमाचा कागद काढून म्हणाले, "साहेब, यात 'कोणीही' असं लिहिलंय." आनंदराव म्हणाले, "अरे, तो मीच काढलाय." किहीमकर म्हणाले, "हो ना. म्हणून तर मोडवत नाही." आणि कारभाऱ्यांस घेऊन गेले.

आता कारभाऱ्यांस धरले म्हणजे न्यायाधीशांपुढे नेणे आले, कारण त्यांना न नेण्याची कोणाची छाती नव्हती. न्यायाधीशांनी विचारले, "ज्याचं नाव घेतलं म्हणून गुन्हा, तो माणूस कोण? आणा." मग चांगो म्हात्रे उजेडात आला. त्याचा गुन्हा कोणता ते विचारले, तर कोणास सांगता येईना. हुकूम रद्द झाला आणि चांगो सुटला.

पुढच्या शनिवारी शिमशोनजींनी त्यास हाती धरून त्या खुर्चीत बसवले. लोक उभे राहिले. चांगो तांब्याभर पाणी प्याला, ओठ पुसले आणि म्हणाला, "दादा, आता आनखी दोन खुर्च्या आना. माज्याबरोबर आत दोगं होते. नावं सांगतो."

एकूण सार इतके: शिमशोनजींनी त्यापुढेही नाटके लिहिली आणि हर खेळास मंचावर दोन पांढऱ्या खुर्च्या मांडल्या. सिप्पोराबाई रोज विचारीत, "आले का?" शिमशोनजी म्हणत, "यायचे आहेत." हे लिहून होईतो एक भरली आहे. एक रिकामी आहे.