राखेनं घासलेला फ्रीज

"वहिनी, हे भांड्याचं स्टील न्हवं. मऊ फडकं, कोमट पाणी, आन् रेघा जिकडं जात्यात तिकडंच हात फिरवायचा. घरात कोण जुनं माणूस असंल तर त्यास्नी आधी सांगून ठेवा." फ्रीज बसवायला आलेल्या जोतीरामनं निघता निघता अनुजाला बजावलं होतं.

"आमच्याकडे मीच पुसते सगळं," असं म्हणून अनुजानं दार लावून घेतलं. कडेवर सम्राट रडत होता आणि जोतीरामच्या बुटांची माती फरशीभर झाली होती. दोन वर्षांच्या पोराच्या आईला त्या घडीला स्टीलपेक्षा मातीची काळजी जास्त होती.

तिचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. राजारामपुरीतल्या त्या फ्लॅटमध्ये तेव्हा ती, नवरा धैर्यशील आणि सम्राट एवढेच होते. पण पुढं तिला क्लासमधून पुन्हा शिकवायला यायचं बोलावणं आलं आणि सम्राटला कोण सांभाळणार, हा प्रश्न उभा राहिला. तिनं पाळणाघरं बघितली. एकाच्या खिडकीला जाळी नव्हती. दुसऱ्याला जाळी होती, पण तिचा खिळा वर आला होता. तिसऱ्या ठिकाणी सगळं नीट होतं, म्हणून तिला जास्तच संशय आला. शेवटी धैर्यशील चंदगडला जाऊन आईला घेऊन आला.

धोंडुबाई आल्या त्या तांदूळ, काजू आणि पिशवीभर चुलीची चाळलेली राख घेऊन. "हितं राख मिळत न्हाय म्हणं," त्या म्हणाल्या. अनुजानं ती पिशवी ओट्याखाली सरकवली आणि विसरून गेली. सोमवारी क्लास सुरू होणार होता. त्याच्या आत सासूबाईंचं मन इथं रमलं पाहिजे, याशिवाय तिच्या डोक्यात काही नव्हतं. धोंडुबाईंना राग आला की त्या सरळ एसटी धरतात, असं तिनं लग्न झाल्यापासून ऐकलं होतं.

गुरुवारी ती सम्राटला लस टोचून घेऊन घरी आली, तर धोंडुबाई पदर खोचून फ्रीजसमोर उभ्या.

"बघ की, कसा लखलखतोय!"

फ्रीजच्या दारावर परातीएवढं पांढुरकं रिंगण उमटलं होतं. स्टीलच्या रेघा आडव्या आणि ओरखडे गोल. खाली तारेची घासणी आणि राखेचा चिखल. अनुजाच्या घशापर्यंत किंकाळी आली. मग तिनं सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे, आणि किंकाळी गिळली.

"छान झालाय हो, आई."

"आवडला?"

"खूप!"

शुक्रवारी धोंडुबाईंनी चिमणी घासली. अनुजा म्हणाली, छान. दुपारनंतर गॅसची शेगडी झाली, ओव्हनचं दार झालं, सिंकचा नळ झाला. नळ तर इतका मनापासून घासला, की त्याच्यावरची कंपनीची अक्षरंच गेली. अनुजा दर वेळी छान म्हणायची आणि पाठ वळली की फ्रीजवरचा लोहचुंबकाचा आंबा घेऊन फरशीवर रांगायची. घासणीच्या तारेचे तुकडे पडले होते आणि सम्राट दिसेल ते तोंडात घालत होता.

"सांग की आईला," तिला रांगताना बघून धैर्यशील म्हणाला.

"आई तुमच्या आहेत. तुम्ही सांगा."

"छान कोण म्हणालं? मी?"

"आणि रागावून गेल्या तर? सोमवारी तुम्ही घरी बसणार?"

धैर्यशील पेपर उचलून गॅलरीत गेला.

मग अनुजानं घासणी सम्राटच्या डायपरमागे लपवली. धोंडुबाईंनी नारळाची शेंडी घेतली. तिनं राख गॅलरीतल्या कुंड्यांत ओतली. "झाडास्नी राख घातलीस? लई ब्येस," असं म्हणून धोंडुबाई खाली गेल्या आणि शेजारच्या बांधकामावरून विटेचा भुगा घेऊन आल्या. चिमणीवर तोवर तांबूस ठिपके उगवले होते.

अनुजाचं लक्ष मात्र भलतीकडंच गेलं. धोंडुबाई बोलायच्या कमी झाल्या होत्या. अर्धी भाकरी खाऊन ताट सारत होत्या. आपण पुरेसं कौतुक करत नाही की काय, या धास्तीनं तिनं शनिवारी नळाचं पुन्हा एकदा कौतुक केलं.

रविवारी ती सम्राटला आंघोळ घालत होती. स्वयंपाकघरातून घर्रर्र असा आवाज आला. साबणानं माखलेलं पोर तसंच उचलून ती धावली. फ्रीजपुढे एक माणूस गुडघे टेकून बसला होता. हातात भांड्यांवर नाव घालायचं मशीन होतं.

"भांड्याच्या दुकानातनं आणलाय," धोंडुबाई म्हणाल्या. "गावाकडं आमच्या वाटीलासुदीक नाव असतंय. आन् एवढं मोठं भांडं बिननावाचं!"

"ताई," तो माणूस अदबीनं म्हणाला, "सौ. अनुजा धैर्यशील गावडे, बरोबर? खाली गाव चंदगड घालू का राजारामपुरी?"

त्यातलं 'सौ.' घालून झालं होतं.

"आई!" अनुजा ओरडली. वरच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही बारीक केला. "अहो, काय चालवलंय काय तुम्ही! फ्रीज आहे तो, पातेलं नव्हे! राखेनं घासून दार घालवलंत, चिमणीला गंज आणलात, पोराच्या पायाखाली तारा पसरल्यात! मऊ फडकं घ्यायचं! कोमट पाणी! रेघा जिकडं जातात तिकडंच पुसायचं! कळतंय का?"

 कडेवरचा सम्राट तिच्या तोंडाकडे टकामका बघायला लागला.  आता चंदगडची एसटी, आणि उद्याचा क्लास गेला, असं तिच्या मनात आलं.

धोंडुबाई हळूच खुर्चीवर टेकल्या. पदर तोंडाला लावला होता, पण त्याआडून त्या हसत होत्या.

"आत्ता गं बया! बोललं बाई कोण तरी ह्या घरात."

"म्हणजे?"

"मला काय डोळं न्हाईत? पहिल्या दिवशीच दिसलं की, दार गेलं ते. आता वरडंल, मग वरडंल, म्हणून वाट बघतीया. तू आपली छान, छान! चिमणी घासली, छान. नळ खरवडला, त्योबी छान! पावण्यासंगट बोलत्यात असं. घरच्या माणसाला कोण छान म्हणतंय व्हय? म्हटलं, हितं आपण पावणीच. गावाकडं जायची पिशवी कवाच भरून ठेवलीया मी."

अनुजानं आतल्या खोलीत डोकावलं. कॉटखाली खरोखरच तोंड बांधलेली पिशवी होती. तिला तिथंच रडू यायला लागलं.

"म्हणून ह्यांना बोलावलंत? मी ओरडावं म्हणून?"

"न्हाय न्हाय, नाव पायजेच की," धोंडुबाई म्हणाल्या. "पावणं, चालू करा. नुसतं 'सौ.' बरं दिसत न्हाय."

"आई!"

"वरड, वरड. बरं वाटतंय."

सोमवारी अनुजा क्लासला गेली. मधल्या सुट्टीत घरी फोन लावला, तर पलीकडून धोंडुबाईच तिच्यावर तुटून पडल्या, "दुधाच्या बाटलीचं झाकण ढिलं ठिवून गेलतीस, ध्यान कुठं असतंय गं तुझं?" अनुजा आनंदानं ऐकत राहिली.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, की ज्यांच्या हातून काही बिघडलं तरी कुणी चकार शब्द काढत नाही, फक्त ताटात वाढताना "आणखी घ्या" म्हणतात. असेल, तर हे वाचायचं राहू द्या. उठा आणि त्यांच्या खोलीत, कॉटखाली जरा बघून या.