विलासभाऊजींच्या माहीत असलेल्या उणिवा

आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर लिहिलंय: "नाव: मिक्सर. वर्णन: भिजवलेले तांदूळ वाटतो. परत काय मिळते: यश आल्यास पीठ, अपयश आल्यास आवाज. माहीत असलेल्या उणिवा: झाकण दाबून न धरल्यास भिंत रंगते. हेही पाहा: पाटा-वरवंटा."

हे अक्षर माझ्या धाकट्या दिराचं, विलासभाऊजींचं. असा कागद आमच्या घरात कशावर नाही ते विचारा! गीझरवर आहे, विहिरीच्या पंपावर आहे, देव्हाऱ्यातल्या समईखालीसुद्धा आहे. एकदा मांजरीच्या टोपलीवर लावला होता. "परत काय मिळते: काही नाही." मांजरीने तो फाडला, तर भाऊजींनी तिचीच बाजू घेतली. म्हणाले, "वहिनी, तिला मजकूर पटला नसेल."

माझं शिक्षण सातवी. माहेर केळव्याचं, दिलंय इथे वसईत, निर्मळच्या पुढे, वाडीवाल्यांच्या घरात. तीस वर्षं झाली तरी गावातल्या म्हाताऱ्या मला 'केळव्याची' म्हणतात, बाकीचे 'मनालीची आई', आणि आमचे हे नुसतंच 'अगं'. मी आले तेव्हा भाऊजी शाळेत जात होते. तेव्हाही असेच. मी म्हणायची, आमटीत मीठ अंदाजाने घालायचं. हे वही घेऊन उभे. "वहिनी, अंदाज म्हणजे किती?"

आमच्याकडे राजेळी केळ्यांची सुकेळी करतात. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, उलटायची, पुन्हा वाळवायची. भाऊजींनी एकदा आठवडाभर माझ्यामागे हिंडून त्याचं पान लिहिलं. "उलटायची केव्हा?" मी म्हटलं, हाताला कळतं. तर तसंच लिहिलं हो त्यांनी! "उलटण्याची वेळ हाताला कळते. लेखकाच्या हाताला अद्याप कळलेली नाही."

कुणी काही सांगितलं की यांचा प्रश्न ठरलेला: "करून बघितलं का?" स्वतः करून बघितल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही, हा नेम. टाकीत पाणी नसताना गीझर लावला तर काय होतं, हे यांनी लावून बघितलंय. दुसरा गीझर आणावा लागला, पण कागदावरची ओळ शंभर टक्के खरी आहे.

लग्नाचंही तसंच. विरारला मुलगी बघायला गेलो होतो. सोन्यासारखी मुलगी, चांगलं घर. मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "मुलाला काही सवयी?" भाऊजींनी खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले. "माहीत असलेल्या उणिवा. एक, घोरतो. दोन, एकच गोष्ट तीनदा विचारतो. तीन, पाहुण्यांसमोर झोप येते. पुढील आवृत्तीत सुधारणा अपेक्षित नाही." त्या लोकांनी चहा पाजला, पोहे दिले, मुलगी दिली नाही. मी येताना खूप बोलले त्यांना. ते म्हणाले, "नंतर कळण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं, वहिनी." आता पंचेचाळिशी उलटली. पुढे कुणाला बघायला गेलो नाही.

नोकरी एव्हरशाईन सिटीतल्या एका छोट्या कंपनीत, कंप्युटर सांभाळायची. ती पोटासाठी. जीव दुसरीकडे. जगभरातली माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतात आणि फुकट वाटतात. तिच्यातली कुठली गोष्ट कशी वापरायची, हे सांगणारी पानं असतात, आमच्या मिक्सरवरच्या कागदासारखीच. ती पानं दुरुस्त करायची, त्यात भर घालायची, हे भाऊजींचं वेड. आमचे हे म्हणतात, "लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय." मी म्हणते, भाजू देत, तंबाखू तर खात नाहीत ना! पण खरं सांगू? मला त्यांचा भारी अभिमान आहे. आमच्या वाडीतल्या पडवीत बसून लिहिलेली ओळ कुठल्या कुठे कुणीतरी वाचतं, ही काय साधी गोष्ट आहे?

आणि त्या ओळींची परीक्षा माझ्यावर. दर रविवारी दुपारी मी ओटीवर मोगरा ओवत बसते. भाऊजी समोर बसतात, इंग्रजी वाक्य वाचतात, मराठीत सांगतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. "तुम्हाला कळलं तर जगाला कळेल." ही माझी स्तुती की काय, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी त्यांनी एक अवघड पान घेतलं. मी म्हटलं, आधी ते आहे काय ते सांगा.

"वहिनी, कंप्युटर म्हणजे एक मोठं घर. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे घरातली कर्ती बाई. चालू असलेले प्रोग्राम म्हणजे घरातली माणसं. आता त्या एका घरात चार चुली मांडल्या. प्रत्येक चुलीची भांडी वेगळी, माणसांना नंबर देऊन केलेली मोजदाद वेगळी, एक नंबरचा माणूस वेगळा. या चुलीवरच्याला त्या चुलीवरचं दिसत नाही. पण एखाद्याला इथून उठून तिथे जायचं असलं, तर कर्त्या बाईला हाक मारावी लागते. त्या हाकेचं नाव सेट-एन-एस."

"मग ती जाऊ देते?"

"अधिकार असला तर. नसला तर उणे एक परत मिळतो, म्हणजे नकार."

"आमच्याकडेही तेच आहे," मी म्हटलं.

असं काही महिने चाललं. कुठल्या चुलीवर कसं जायचं, अधिकार कुठला लागतो, हाक फसली तर काय कळतं, सगळं मी ऐकलं. मग एका रविवारी ते वाचत होते: "हाक मारणारा नव्या चुलीवर जातो आणि त्याला तिथला नंबर मिळतो."

"आणि जुना नंबर?"

"तो जातो."

"अहो, मग मागे राहिलेल्यांनी त्याला शोधायचं कसं? नंबरावरच ओळखत होते ना?"

"तसंच असतं ते, वहिनी."

"करून बघितलं का?"

 इतर सगळं भाऊजींनी करून बघितलं होतं, ही एक ओळ तेवढी सवयीने लिहिली होती. ते उठून पडवीत कंप्युटरकडे गेले. मी चहा ठेवला, तो उकळायच्या आत परत आले. तोंड असं की रडताहेत की हसताहेत कळेना.

"नंबर बदलत नाही! बाकीच्या बाबतीत तो स्वतः जातो, पण मोजदादीच्या बाबतीत जिथला तिथेच राहतो. नव्या मोजदादीत धरली जातात ती त्याला पुढे झालेली मुलं."

"त्यात एवढं काय?" मी म्हटलं. "माझंच बघा. तीस वर्षं तुमच्या चुलीवर रांधतेय, मोजतात अजून केळव्यात. पोरगी मात्र जन्मल्या दिवसापासून इथली."

भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले. "हे कुठं लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? कुठल्याही बाईला विचारा."

त्यांनी तो सगळा भाग नव्याने लिहिला आणि पाठवून दिला. आठ महिन्यांची मेहनत होती. परदेशातला एक माणूस अशी पानं तपासतो, त्याने हो म्हटलं की ते जगाचं झालं. आणि मग भाऊजींचं काहीतरी बिनसलं. जेवणाकडे लक्ष नाही, आमटी अळणी झाली तरी प्रश्न नाही, आणि दहा-बारा दिवसांत घरात एक नवा कागद चिकटला नाही! मी विचारलं, "बरं वाटत नाही का?" म्हणाले, "नाही हो. जरा मतभेद चाललेत." मतभेद? रिक्षावाल्याने जास्त घेतले तरी त्यालाच थँक्यू म्हणणारा माणूस हा! मी काळजीत पडले.

दोन दिवसांनी पुण्याहून मनालीचा फोन आला. माझी लेक तिथे कंप्युटरमध्येच आहे. या लोकांची पत्रं सगळ्यांना वाचता येतात म्हणे.

"आई, काकाने तुझ्यासाठी भांडण केलंय."

"माझ्यासाठी?"

तिने सांगितलं ते असं. काम पाठवताना शेवटी एक ओळ असते, ते कुणी तपासलं त्याचं नाव लिहायची. तिथे भाऊजींनी माझं नाव घातलं होतं. त्या माणसाने लिहिलं, पान उत्तम आहे, लगेच घेतो, फक्त ही ओळ काढा. ह्या बाई कोण? यांचा मेल नाही, यांनी इथे कधी काही केलेलं नाही. भाऊजींनी उलट लिहिलं, तर मग माझं पानही घेऊ नका.

"अगं, आठ महिने घालवलेत त्यांनी!" मी ओरडलेच. "वेडे आहेत का ते?"

"आई, थांब, पुढचं ऐक." आणि तिने ते इंग्रजी पत्र मला मराठीत वाचून दाखवलं.

"मी वीस वर्षं अशी पानं लिहितो आहे. लोक त्यातली हवी ती ओळ शोधतात आणि निघून जातात. ते योग्यच आहे, पानं त्यासाठीच असतात. पण माझं बोलणं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेणारं माणूस मला एकच मिळालं. यातली चूक मला दिसली नव्हती. ती त्यांनी दाखवली. त्या कोण, असं तुम्ही विचारता. त्या शालिनी."

मला रडू आलं, ते लपवायलाही सुचलं नाही. माझं नाव मीच ऐकून किती वर्षं झाली होती! मी तर त्यांचं ऐकता ऐकता मोगरा ओवत होते, कधी कधी मनात भाजीचा विचार करत होते. आणि हा माणूस दर रविवारची वाट बघत होता.

"मग तो काय म्हणाला?" मी कसंबसं विचारलं.

"कालच उत्तर आलंय. ओळ राहू द्या म्हणाला, पान घेतलं. आणि विचारलंय, त्या बाईंना आणखी एक पान ऐकायला सवड आहे का?"

मी फोन ठेवला आणि पडवीत गेले. भाऊजी उठून उभे राहिले. माझा चेहरा बघून त्यांना कळलंच असणार. "वहिनी, तुम्हाला न विचारता नाव लिहिलं. चुकलंच माझं."

"छापलं का ते?"

"पानावर नाही. पानाच्या नोंदीत. पण कायमचं." अशा वेळीसुद्धा बिनचूक सांगायचं सोडलं नाही!

"आणि त्या माणसाने दुसऱ्या पानाचं विचारलं, ते मला का नाही सांगितलं?"

भाऊजी खाली बघत म्हणाले, "म्हटलं, तुम्हाला कामं असतात. माझं किती दिवस ऐकणार?"

वार गुरुवार होता, गॅसवर भात होता. मी आत जाऊन गॅस बंद केला, परत आले आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"वाचा," मी म्हटलं. "आणि सावकाश वाचा. मला घाई नाही."